विसराळू सर्व्हर आणि कुकीची चिठ्ठी



माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही, असे आपण मुलांना सहज सांगून जातो. ज्या महाजालावर आपण रोज पाने उघडतो, तिकिटे काढतो, परीक्षांचे निकाल पाहतो, त्याच्या मुळाशी असलेली व्यवस्था मात्र पक्की विसराळू आहे, आणि ती हेतुपुरस्सर तशी ठेवलेली आहे. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत महाजालाची योजना मांडली, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न होता तो कागदपत्रे एकमेकांना जोडण्याचा. वाचकाच्या संगणकाने एक पान मागावे, दूरच्या संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, ते पुरवावे आणि व्यवहार तेथेच संपावा. मागणारा कोण, तो मघाशी येऊन गेला की पहिल्यांदाच येत आहे, हे लक्षात ठेवण्याचे सर्व्हरला कारण नव्हते. ओझे बाळगायचे नसल्यामुळेच एकेक सर्व्हर हजारोंना पाने वाटू शकला.

पुढे ह्याच जाळ्यावर दुकाने निघाली, आणि विसराळूपणा नडू लागला. गिऱ्हाइकाने एक वस्तू टोपलीत टाकून दुसरे पान उघडावे, तो टोपली रिकामी! १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू मॉन्टुली ह्या तरुणाने ह्यावर एक तोड काढली. लक्षात ठेवण्याचे काम त्याने सर्व्हरवर टाकलेच नाही. सर्व्हरने एक लहानशी चिठ्ठी लिहून वाचकाच्या ब्राउझरजवळ द्यावी, ब्राउझरने ती सांभाळावी आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर परत दाखवावी, एवढीच ती युक्ती. ह्या चिठ्ठीला नाव पडले कुकी. खाण्याच्या बिस्किटाशी तिचा संबंध नाही. एका कार्यक्रमाने दुसऱ्याला द्यावयाच्या खुणेच्या तुकड्याला संगणकाच्या धंद्यातले लोक आधीपासूनच तसे म्हणत असत. १९९७ साली तिचे पहिले प्रमाण-नियम प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली, प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो हे पाहून, ते नव्याने लिहिले गेले.

आपल्या ओळखीचे चित्र घ्यावयाचे तर एखादा दवाखाना डोळ्यांपुढे आणा. डॉक्टर निष्णात आहेत, पण त्यांना एकही चेहरा लक्षात राहत नाही. म्हणून रोग्याला बाहेर पडताना ते चिठ्ठी देतात. पुढच्या खेपेला रोग्याने ती दारावरच्या कारकुनाला दाखवावयाची. कारकून आलेल्या चिठ्ठ्या वहीत उतरवून घेतो आणि वही डॉक्टरांपुढे ठेवतो. डॉक्टर जे काही ओळखतात ते ह्या वहीवरून. ही वही म्हणजे काय आणि ती कधी भरली जाते, एवढे ज्याला समजले त्याचे निम्मे काम झाले. कारण कुकी वाचली जात नाही अशी तक्रार येते तेव्हा दोष क्वचितच वाचण्यात असतो. चिठ्ठी लिहिली गेली नसते, किंवा रोग्याने घरी ठेवलेली असते, किंवा भलत्याच दारावर दाखविलेली असते. आणि आपण मात्र वहीकडे टक लावून बसलेले असतो.

हे सारे सांगावयाचे कारण आमच्या भागातच घडले. मोहगाव हे मध्य प्रदेशातील सौसर तालुक्यातले गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला; त्याच जिल्ह्यातून २०२३ सालच्या ऑक्टोबरात सौसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा बदलला, भाषेची घडी बदलली नाही. घरी मराठी, कचेरीत हिंदी. आजी नातवाशी मराठीत बोलते आणि नातू उत्तर हिंदीत देतो, हे आमच्याकडे नवलाचे नाही.

ह्या परिसरातील एका शाळेने आपले छोटेसे संकेतस्थळ करविले. प्रवेशाच्या तारखा, शुल्क, सुट्ट्या, पालकांच्या सभा अशा सूचना त्यावर दोन्ही भाषांत असत. मराठी भाषांतर शाळेतील एक शिक्षिका आपला वेळ खर्चून करीत. पहिल्या पानावर दोन बटणे होती, ‘मराठी’ आणि ‘हिंदी’. वाचकाने एक दाबावे, संकेतस्थळाने ती निवड कुकीत लिहून ठेवावी आणि पुढची सारी पाने त्या भाषेत दाखवावी, अशी योजना होती. वर्षभराने कोणी आकडे काढले, तेव्हा मराठी सूचना जवळजवळ कोणी उघडल्याच नव्हत्या असे दिसले. मग ओघानेच सूचना आली की, मराठी वाचणारे नाहीत, तर भाषांतराचा खटाटोप बंद करावा. तसा ठराव पुढच्या बैठकीत यावयाचा होता.

आकडे खरे होते, त्यांचा अर्थ खोटा होता. पालकांच्या तोंडून ऐकावयास मिळे ते निराळेच. एक म्हणे, मराठीचे बटण दोनदा दाबावे लागते. दुसरा म्हणे, पहिले पान मराठी येते, पण सूचना काही केल्या हिंदीतच. पावसाळ्यापासून तर काहीच चालेना. कितीही दाबा, सगळे हिंदी. एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “गुरुजी, ह्या यंत्राले मराठी येतच नसंन.” त्यांनी बटण दाबणे सोडून दिले होते. असे सोडून देणारे आणखी किती, ते आकड्यांत दिसत नव्हते.

पोळ्याच्या सुट्टीत आमचा एक जुना विद्यार्थी नागपूरहून आला होता. असलीच कामे करून तो पोट भरतो. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीवर गोटमार, गावातली तरुण मंडळी तिकडे जाण्याच्या गडबडीत. हा मात्र शाळेच्या संगणकापुढे बसला आणि मी त्याच्या शेजारी. मला त्याची एक गोष्ट आवडली. त्याने प्रथम कोणतीही ओळ बदलली नाही. तो म्हणाला, “सर, चिठ्ठी चार मुक्काम करते. सर्व्हरवरून निघते, ब्राउझरजवळ ठेवली जाते, ब्राउझरकडून परत निघते आणि स्क्रिप्टच्या हाती पडते. कोणत्या मुक्कामावर हरवली ते आधी पाहू.”

हे संकेतस्थळ पीएचपी ह्या भाषेत लिहिलेले होते. रास्मुस लेर्डोर्फ ह्याने ती १९९५ साली लोकांपुढे आणली, आणि भाड्याच्या जागेवर चालणारी लहान संकेतस्थळे अजूनही मोठ्या प्रमाणात तिच्यातच लिहिली जातात. तीत चिठ्ठी लिहिण्याची आज्ञा आहे ‘सेटकुकी’, आणि कारकुनाच्या वहीचे नाव, बोलून सांगावयाचे तर, डॉलरचे चिन्ह, आडवी रेघ आणि मोठ्या रोमन अक्षरांत कुकी. आपण तिला वहीच म्हणू.

पहिला मुक्काम पाहण्यासाठी ब्राउझरमध्येच सोय असते. एफ-१२ ची कळ दाबली की खाली किंवा बाजूला एक खिडकी उघडते. तिच्यातील ‘नेटवर्क’ विभागात प्रत्येक मागणी आणि तिचे उत्तर उघडून वाचता येते. उत्तराचे दोन भाग असतात. वरचा माथा, ज्याला हेडर म्हणतात, आणि खाली पानाचा मजकूर. कुकी जाते ती माथ्यातून, ‘सेट-कुकी’ असे शब्द असलेल्या ओळीतून. आम्ही बटण दाबून पाहिले. माथ्यात ती ओळच नव्हती. म्हणजे चिठ्ठी लिहिलीच गेली नव्हती, आणि वही तपासत बसण्यात अर्थ नव्हता.

असे का व्हावे? पत्र लिहिताना आपण मजकूर अर्धा टपालात टाकून मग माथ्यावर तारीख घालू शकत नाही. सर्व्हरचेही तसेच आहे. पानाच्या मजकुराचे एक अक्षर जरी रवाना झाले, तरी माथा त्याच्या आधीच निघून गेलेला असतो आणि नंतर दिलेली ‘सेटकुकी’ची आज्ञा वाया जाते. पीएचपी अशा वेळी स्पष्ट सांगते की हेडर आधीच गेलेले आहेत, आणि कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीपासून मजकूर निघू लागला तेही सांगते. भाड्याच्या सर्व्हरवर ह्या सूचना वाचकाला दिसू नयेत म्हणून पडद्यावर येऊ देत नाहीत, त्या चुकांच्या नोंदवहीत जातात. आणि ही नोंदवही उघडण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. आम्ही उघडली. तीत ओळीचा क्रमांक होता १.

पहिल्या ओळीवर तर पीएचपी सुरू होत असल्याची खूण तेवढी होती. रिकामी जागा नाही, अक्षर नाही. पण जे दिसत नाही ते नसतेच असे नाही. पावसाळ्याच्या तोंडी शाळेतल्या कोणी स्वागताच्या वाक्यात एक मराठी शब्द दुरुस्त केला होता, आणि तो केला होता जुन्या संगणकावरच्या नोटपॅडमध्ये. देवनागरी अक्षरे जतन करावयाची तर फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ ह्या पद्धतीने ठेवावी लागते, आणि जुन्या विंडोजवरील नोटपॅड तशी फाइल ठेवताना तिच्या आरंभी स्वतःची खूण म्हणून तीन बाइट घालीत असे. ही खूण डोळ्यांना दिसत नाही. पीएचपीला मात्र ती पानाचा मजकूर वाटते. ती तीन बाइट प्रथम रवाना होतात, आणि माथा गेला! जो केवळ इंग्रजीत लिहितो त्याच्या वाट्याला हा ताप सहसा येत नाही. आपल्या लिपीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतो. उपाय सोपा आहे. फाइल त्या खुणेवाचून जतन करावी. विंडोज १० च्या २०१९ सालच्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून तसेच करते.

मला एक शंका होती. हीच फाइल ज्याने संकेतस्थळ रचले त्याच्या घरच्या संगणकावर बिनतक्रार चालत होती, ती कशी? ह्याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. कित्येक ठिकाणी पीएचपी पानाचा पहिला मजकूर, साधारणपणे ४०९६ बाइट, लगेच न पाठविता हाताशी राखून ठेवते. तोवर माथ्यात भर घालता येते आणि चूक झाकली जाते. जेथे अशी राखण नाही तेथे ती उघडी पडते; किंवा राखण असली तरी ‘सेटकुकी’च्या आधीचा मजकूर वाढून त्या मर्यादेपलीकडे गेला की एके दिवशी अकस्मात उघडी पडते. ‘माझ्याकडे तर चालते’ हे वाक्य ह्या धंद्यात फार ऐकू येते.

येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. वहीत काय आहे ते पाहावे म्हणून नवशिका मनुष्य स्क्रिप्टच्या अगदी आरंभी वही छापून पाहण्याची आज्ञा घालतो. छापणे म्हणजेच मजकूर रवाना करणे. त्यामुळे एरवी नीट जाणारी कुकीही अडते, आणि रोग पाहण्यासाठी टोचलेल्या सुईनेच रोग होतो. छापावयाचे तर सर्वांत शेवटी छापावे. नाहीतर नोंदवहीत लिहावे.

खूण काढून टाकल्यावर ‘सेट-कुकी’ची ओळ दिसू लागली, आणि आम्ही दुसऱ्या मुक्कामाकडे वळलो. ब्राउझरने चिठ्ठी ठेवून घेतली का? त्याच खिडकीत, क्रोममध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’ आणि फायरफॉक्समध्ये ‘स्टोरेज’ ह्या विभागात, ठेवलेल्या कुकींची यादी सापडते. आमची तेथे होती. नसती तर बहुधा मुदतीचा घोटाळा निघाला असता. मुदत सांगावयाची ती १९७० सालच्या १ जानेवारीपासून लोटलेल्या सेकंदांत. तीस दिवस ठेवावी म्हणून कोणी नुसतेच तीस दिवसांचे सेकंद लिहितो, त्यांत आजची वेळ मिळवीत नाही. मग मुदत होते ३१ जानेवारी १९७०, आणि ब्राउझर ती चिठ्ठी कालबाह्य म्हणून हातात पडताच फाडून टाकतो. मुदत मुळीच दिली नाही तर ब्राउझर बंद करीपर्यंतच ती टिकते.

तिसऱ्या मुक्कामावर दुसऱ्या तक्रारीचे मूळ सापडले. भाषा निवडण्याची स्क्रिप्ट ‘भाषा’ नावाच्या कप्प्यात होती, आणि सूचना ‘सूचना’ नावाच्या कप्प्यात. कुकी लिहिताना ती कोणत्या कप्प्यासाठी आहे हे सांगितले नाही, तर जेथे ती लिहिली गेली त्या कप्प्यापुरतीच ती आहे असे ब्राउझर धरून चालतो. त्याचे काही चुकत नाही. बालरोगाच्या खिडकीवरची चिठ्ठी तो हाडांच्या खिडकीवर दाखवीत नाही, इतकेच. ‘सूचना’ उघडताना ब्राउझरच्या मागणीत कुकी नव्हतीच. म्हणून स्क्रिप्टला वाचक नवा वाटे आणि ती हिंदी पान पुढे करी. कप्प्याच्या जागी एक तिरपी रेघ लिहिली की कुकी सगळ्या संकेतस्थळाला लागू होते. वर्षभर मराठी सूचना न उघडण्याचे कारण एवढ्या एका रेघेचे होते.

ह्याच मुक्कामावर आणखी दोन-तीन खाचखळगे असतात. पत्त्याच्या आरंभी ‘डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू’ असलेले आणि नसलेले, ही ब्राउझरच्या दृष्टीने दोन निरनिराळी घरे आहेत. एकाची कुकी दुसऱ्याला हवी असेल तर तसे क्षेत्र लिहून द्यावे लागते. पण ते क्षेत्र अवाच्या सवा मोठे करता येत नाही. ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘को डॉट इन’ ह्या शेवटांखाली अगणित वेगवेगळी संकेतस्थळे नांदतात. त्या सर्वांसाठी एक कुकी लिहू म्हटले तर ब्राउझर ती झिडकारतो, आणि ते योग्यच आहे. जी कुकी ‘सुरक्षित’ म्हणून लिहिली ती साध्या, कुलूप नसलेल्या पत्त्यावर जात नाही. आणि २०२० सालच्या फेब्रुवारीपासून क्रोम ब्राउझरने असा नियम धरला की, वेगळे काही सांगितले नसेल तर एका संकेतस्थळाची कुकी दुसऱ्याच्या पानातून निघालेल्या बहुतेक मागण्यांबरोबर जाणार नाही. दुसऱ्याच्या पानात चौकट करून बसविलेली जुनी संकेतस्थळे त्यामुळे एकाएकी विसराळू झाली.

आता चौथा मुक्काम, म्हणजे प्रत्यक्ष वाचणे. बटण दोनदा का दाबावे लागे? आपल्या दवाखान्यात परत चला. कारकून वही भरतो ती रोगी आत येताना. डॉक्टरांनी आज लिहिलेली चिठ्ठी आजच्या वहीत कशी सापडेल? ती रोग्याबरोबर बाहेर जाते आणि पुढच्या खेपेच्या वहीत येते. पीएचपीचेही अक्षरशः हेच आहे. ‘सेटकुकी’ म्हटल्याने वही बदलत नाही. आमची स्क्रिप्ट कुकी लिही आणि लगेच खालच्या ओळीत वही उघडून विचारी, ‘भाषा कोणती?’ वहीत काही नसे, की पान हिंदी. दुसऱ्यांदा दाबले की पहिल्या वेळची चिठ्ठी येऊन पोचलेली असे, की पान मराठी. हा घोटाळा मी निरनिराळ्या माणसांच्या कामात इतक्यांदा पाहिला आहे की तो ह्या विषयाचा पहिला धडा मानावा असे मला वाटते. लिहिणे आणि वाचणे ह्यांत एक पूर्ण फेरी जावी लागते. म्हणून एक तर ताजी निवड स्क्रिप्टने त्या फेरीपुरती आपल्याजवळ वेगळी धरून ठेवावी. नाहीतर कुकी लिहून ब्राउझरला ‘आता ह्या पत्त्यावर जा’ असे सांगावे आणि तेथेच थांबावे. ब्राउझर नव्या फेरीत चिठ्ठी घेऊनच येतो. आमच्या विद्यार्थ्याने दुसरी रीत पत्करली.

नावाविषयी एक बारीक सूचना. पीएचपी वहीत नाव उतरवून घेताना त्यातील टिंबाची आडवी रेघ करते. कुकीचे नाव रोमन लिपीत ‘भाषा’, टिंब, ‘निवड’ असे ठेवले तर ब्राउझरजवळ ते टिंबासह दिसते आणि वहीत टिंबासह शोधल्यास सापडत नाही. टिंब न घालणे हेच बरे. आणि कुकीत काय लिहावे? ‘मराठी’ हा शब्दच लिहावयाचा मोह होतो. युनिकोडमध्ये त्याची पाच चिन्हे; प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे; आणि कुकीत जाताना प्रत्येक बाइटाची टक्क्याचे चिन्ह धरून तीन अक्षरे होतात. म्हणजे एका शब्दाची ४५ अक्षरे. मोहगाव लिहू म्हटले तर ५४. कुकी सुमारे ४०९६ बाइटांपर्यंतच मोठी असू शकते, हे पाहता देवनागरी मजकूर तीत फार लवकर दाटतो. पीएचपी हे सारे आपणहून उलगडून देते, पण तीच कुकी पानातील जावास्क्रिप्टने वाचली की हाती टक्क्यांची रांग येते. मराठीसाठी ‘एम-आर’ आणि हिंदीसाठी ‘एच-आय’ ही दोन-दोन अक्षरांची जागतिक संकेतचिन्हे आहेतच, तीच लिहावी.

सारे नीट झाले असे वाटले, आणि दोन दिवसांनी शाळेच्या कार्यालयातून नवी तक्रार आली. सूचना मराठीत दिसतात, पण स्वागताचे पान हिंदी! तक्रार नेमकी उलटी झाली होती. तीही सगळीकडे नाही, केवळ जुन्या काही संगणकांवर. माझ्या मते ह्या प्रकरणातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच. कार्यालयातल्या ब्राउझरमध्ये जुनी कुकी होती, ‘भाषा’ कप्प्यापुरती, हिंदी निवडलेली आणि वर्षभराच्या मुदतीची. तिच्या शेजारी आता त्याच नावाची नवी कुकी आली, साऱ्या संकेतस्थळाची, मराठीची. नाव एक असले तरी कप्पा वेगळा, म्हणून ब्राउझर त्या दोन वेगळ्या चिठ्ठ्या मानतो. सूचनांच्या पानाला फक्त नवी जाई. स्वागताच्या पानाला दोन्ही जात, आणि नियम असा की अधिक नेमक्या कप्प्याची आधी जावी. पीएचपी एका नावाची पहिली चिठ्ठी वहीत उतरविते आणि दुसरी सोडून देते. म्हणून हिंदी.

नवी कुकी लिहून जुनी मिटत नाही. ती ज्या कप्प्यासाठी लिहिली होती तोच कप्पा सांगून, मुदत मागची घालून, ती मुद्दाम रद्द करावी लागते. आम्ही तसे केले, आणि शिवाय नव्या कुकीला निराळे नाव दिले. दुरुस्ती झाली की नाही हे केवळ नव्या, कोऱ्या ब्राउझरवर पाहणारा येथे फसतो. जुने वाचक जुन्या चिठ्ठ्या घेऊनच येत असतात.

वहीत आलेल्या चिठ्ठीवर किती विश्वास ठेवावा, हाही प्रश्न आहे. ती वाचकाच्या घरी असते, आणि थोडी माहिती असणारा मनुष्य तिच्यावर हवे ते लिहून आणू शकतो. म्हणून स्क्रिप्टने दोनच उत्तरे मान्य करावी, ‘एम-आर’ आणि ‘एच-आय’. तिसरे काही आले तर चिठ्ठी नाहीच असे समजावे. चिठ्ठी मुळीच नसणे हीदेखील चूक नव्हे. पहिल्यांदा येणारा प्रत्येक वाचक रिकाम्या हातानेच येतो, आणि स्क्रिप्टने ते आधी विचारून घ्यावयास हवे. आमच्याकडे चिठ्ठी नसणे म्हणजे हिंदी, असे गृहीत धरले होते. हे कोणी ठरविले होते असे नव्हे. ते तसे पडून गेले होते.

इतके झाल्यावर मी त्या तरुणाला विचारले की, भाषेसाठी कुकी हवीच का? मराठी विकिपीडियाचे पाहा. २००३ सालापासून चालू असलेला हा ज्ञानकोश ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीही पीएचपीतच लिहिलेली आहे. पण लेख मराठीत दाखवावा हे तेथे कुकीवर सोपविलेले नाही. ‘एम-आर’ ही अक्षरे पत्त्यातच आहेत. कुकी आहे ती प्रवेश केलेल्या सदस्याला ओळखण्यासाठी, आणि ते काम तिचेच आहे. भाषा पत्त्यात असली की दुवा कोणाला पाठविला तरी तो मराठीतच उघडतो. कुकी नाकारणारा वाचकही अडत नाही. मध्ये कोठे पानाची प्रत साठवून ठेवणारा सर्व्हर असला तर एकाच पत्त्याखाली एकाचे हिंदी पान दुसऱ्याला देण्याचा त्याचा गोंधळही टळतो. तरुणाला हे पटले. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मराठी सूचनांना त्यांचे स्वतःचे पत्ते दिले, आणि कुकीकडे एवढेच काम उरले की, पुन्हा येणाऱ्याला पहिल्या पानावरून त्याच्या भाषेच्या दाराशी पोचवावे.

मुख्याध्यापकांपुढे आम्ही जुने आकडे आणि ‘भाषा’ कप्प्याची गोष्ट दोन्ही ठेवली. वर्षभरात मराठी सूचना उघडल्या गेल्या नाहीत, कारण त्या उघडता येतच नव्हत्या, हे त्यांना पाच मिनिटांत समजले. ठराव बैठकीपुढे आला नाही. सूचनांचे मराठी भाषांतर त्याच शिक्षिका करीत आहेत, आणि पालकांच्या सभेच्या सूचनेचा मराठी दुवा आता वर्गशिक्षक थेट पालकांच्या फोनवर पाठवितात.